गाठ काढली, तरी आजार उलटतो कसा?

ऑपरेशन थिएटरचं दार उघडतं, सर्जन बाहेर येतात आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सगळं निघालं ना?’ उत्तरही बहुधा ठरलेलंच असतं: ‘दिसत होतं ते सगळं काढलंय.’ ऐकणारे त्यातला ‘सगळं’ तेवढा धरून ठेवतात. ‘दिसत होतं ते’ हे तीन शब्द कानांवरून निघून जातात. जठराचा कॅन्सर पुन्हा का डोकं वर काढतो, याचं निम्मं उत्तर त्या तीन शब्दांत आहे.

(आपण जठरापासून आतड्यापर्यंत सगळ्यालाच ‘पोट’ म्हणतो, त्यामुळे ‘पोटाचा कॅन्सर’ म्हणजे नेमका कुठला याचा घोळ होतो. या लेखात तो जठराचा. अन्न पहिल्यांदा जिथे साठतं त्या पिशवीचा.)

ही अडचण जठराच्या ऑपरेशनइतकीच जुनी आहे. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ या सर्जननं जठराचा कॅन्सर झालेला भाग कापून काढला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. असे प्रयत्न आधीही झाले होते, पण रुग्ण वाचले नव्हते. ४३ वर्षांची ही बाई वाचली, खाऊ-पिऊ लागली. चारेक महिन्यांनी ती गेली, ती पसरलेल्या कॅन्सरमुळे. हातातलं काम बिलरोथनी चोख केलं होतं. आजार चाकूच्या आधीच पुढे निघून गेला होता.

म्हणून ‘परत आला’ हा शब्द मला थोडा फसवा वाटतो. परत यायला आधी जावं लागतं. जठराच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा काही पेशी गेलेल्याच नसतात. त्या कुठेतरी दडून असतात आणि मोठ्या झाल्या की दिसतात. क्वचित मात्र खरोखरच नवा कॅन्सर होतो, शिल्लक ठेवलेल्या जठरात, वेगळ्या जागी. या दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. पहिल्याबद्दल आधी सविस्तर बोलू, कारण जीव जास्त करून त्यानंच जातो.

पेशी दडून राहते म्हणजे काय?

साधा हिशोब करून पाहू. एक घन सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण वाटाण्याहून थोड्या मोठ्या गाठीत काही कोटींपासून १०० कोटींपर्यंत पेशी असतात. सीटी स्कॅनला गाठ खात्रीनं दिसते ती साधारण या आकाराच्या आसपास. एखाद्या ठिकाणी लाखभर पेशींचा पुंजका बसला असेल तर स्कॅनवर तिथे काहीच नसतं. सर्जनच्या बोटांनाही तो लागत नाही. रिपोर्ट ‘स्वच्छ’ येतो आणि तो खोटा नसतो. त्या यंत्राला जेवढं दिसू शकतं, तेवढंच तो सांगतो.

एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं करत शंभर कोटींवर पोचायला सुमारे तीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. यातल्या वीस पायऱ्या चढून झाल्या तरी पेशी दहा लाखांच्या आसपासच असतात, म्हणजे अजून अदृश्य. उरलेल्या दहा पायऱ्यांत ती गाठ होते. ‘मागच्या महिन्यात तर काहीच नव्हतं, एवढ्यात कसं झालं?’ असं घरचे विचारतात, ते यामुळेच. एवढ्यात झालेलं नसतं. एवढ्यात दिसलेलं असतं.

पेशी कुठपर्यंत पोचल्या असतील हे ठरतं गाठ किती खोल गेली होती यावर. जठराची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची, पण तिच्यात थर आहेत. सर्वांत आत अन्नाला लागणारं अस्तर, त्याखाली मऊ थर, मग स्नायू, त्यावर पातळ आवरण आणि त्याच्या बाहेर पोटाची मोकळी पोकळी. कॅन्सर आतल्या अस्तरात सुरू होतो आणि बाहेरच्या दिशेनं खणत जातो. अस्तरातच असेल तर आजार उलटण्याची भीती अगदी कमी; कधी कधी दुर्बिणीतूनच तेवढा तुकडा सोलून काढता येतो, पोट उघडावं लागत नाही. खालच्या थरात उतरला की तिथे लसिकावाहिन्यांचं (लसिका, म्हणजे लिम्फ, हे पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांचं) आणि बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं लागतं, म्हणजे बाहेर जायच्या वाटा. आणि बाहेरचं आवरण फोडलं की त्याला वाटेचीही गरज उरत नाही. पेशी सरळ पोकळीत गळून पडू शकतात.

चार वाटा, त्यातली एक वेगळी

उलटलेला कॅन्सर साधारण चार ठिकाणी सापडतो. जिथे कापून जोडलं तिथेच, किंवा आसपास. जवळच्या-दूरच्या लसिकाग्रंथींमध्ये (त्या नळ्यांवरच्या छोट्या गाठींत, म्हणजे लिम्फ नोड्समध्ये), कधी तर पार मानेच्या मुळाशी, गळपट्टीच्या डाव्या हाडाच्या वर. रक्तातून गेलेल्या पेशींमुळे यकृतात, फुप्फुसात, हाडांत. आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर, ज्याला उदरावरण किंवा डॉक्टरांच्या भाषेत पेरिटोनियम म्हणतात.

ही चौथी वाट जठराच्या कॅन्सरची खास. पोटाची पोकळी म्हणजे बंद खोली समजा. तिच्या भिंतींना आतून एक गुळगुळीत पातळ पडदा आहे आणि तोच पडदा आतड्यांवर, यकृतावर, सगळ्यांवर पांघरला आहे. आत थोडंसं द्रव सतत फिरत असतं, म्हणून आतडी एकमेकांना घासत नाहीत. जठराच्या बाहेरून गळलेली पेशी या द्रवाबरोबर फिरते. कुठे साठते? जिथे द्रव साठतं तिथे: ओटीपोटाच्या तळाशी, आतड्यांच्या घड्यांत, स्त्रियांमध्ये अंडाशयावर. तिथे राईएवढे दाणे उगवतात. असे शेकडो दाणे असले तरी स्कॅनवर पुष्कळदा काहीच दिसत नाही. दिसतं ते नंतर. पोटात पाणी भरतं, किंवा आतड्याला वेढा पडल्यासारखा अडथळा येतो, किंवा मूत्रवाहिनी दाबली जाऊन किडनी फुगते.

गळलेली प्रत्येक पेशी रुजतेच असं नाही, बहुतेक मरतात. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जननं स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि बी व जमिनीचा दाखला दिला. बी चहूकडे उडतं, पण उगवतं ते मानवणाऱ्या जमिनीतच. शेतात ज्याला हे रोज दिसतं त्याला वेगळं सांगायला नको. जठराच्या कॅन्सरला मानवणाऱ्या जमिनी दोन मोठ्या, यकृत आणि उदरावरण. कुठली निवडायची हे बरंचसं बियाच्या जातीवर असतं.

या जाती १९६५ साली लॉरेन या फिनलंडच्या पॅथॉलॉजिस्टनं वेगळ्या केल्या आणि त्या आजही रिपोर्टवर लिहिल्या जातात. एका जातीत पेशी एकमेकींना धरून राहतात, नळ्यांसारखी रचना करतात, गाठ होते आणि ती दिसते. दुसऱ्या जातीत, जिला ‘डिफ्यूज’ म्हणतात, पेशींना एकत्र धरून ठेवणारा चिकटपणाच हरवलेला असतो. त्या सुट्या सुट्या होऊन भिंतीत झिरपतात. वर अस्तर साधारण बरं दिसतं आणि आत भिंत चामड्यासारखी कडक झालेली असते. रिपोर्टमध्ये ‘सिग्नेट रिंग सेल’ असे शब्द दिसतात ते याच कुटुंबातले. पहिली जात रक्तातून यकृताकडे जास्त जाते, दुसरी उदरावरणावर जास्त पसरते. हा नियम पक्का नाही, पण डॉक्टर कुठे जास्त लक्ष ठेवतात ते यावरून कळतं.

रिपोर्टची ती एक ओळ

ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात पडतो. दोन-तीन पानं, सगळी अगम्य. त्यातली एक ओळ वाचता आली तरी पुष्कळ झालं. समजा तिथे लिहिलं आहे: ‘वायपीटी ३, एन १, २२ पैकी २, आर ०’.

सुरुवातीचं ‘वाय’ म्हणजे ऑपरेशनच्या आधी केमो झाली होती. ‘पी’ म्हणजे हे मोजमाप पॅथॉलॉजीच्या तपासणीतलं. ‘टी ३’ म्हणजे कॅन्सर स्नायू ओलांडून बाहेरच्या आवरणापर्यंत आला, पण ते फुटलं नाही. फुटलं असतं तर ‘टी ४’. ‘२२ पैकी २’ म्हणजे काढलेल्या भागात बावीस लसिकाग्रंथी सापडल्या, त्यातल्या दोनांत कॅन्सर होता. एक-दोन असतील तर ‘एन १’, तीन ते सहा असतील तर ‘एन २’, सात किंवा जास्त असतील तर ‘एन ३’. ‘आर ०’ म्हणजे कापलेल्या कडा सूक्ष्मदर्शकाखालीही स्वच्छ. ‘आर १’ असेल तर डोळ्यांना न दिसणारा कॅन्सर कडेवर राहिला आहे, आणि मग आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो.

आता त्या २२ या आकड्याकडे पुन्हा पाहा. लोक फक्त ‘२’ बघतात, पण २२ तितकाच बोलका आहे. निदान सोळा ग्रंथी तरी तपासलेल्या असाव्यात, असा जगभरचा संकेत आहे. समजा दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवर ‘६ पैकी ०’ आहे. पहिल्यापेक्षा छान वाटतं. पण सहाच तपासल्या म्हणजे बाकीच्या एकतर पोटातच राहिल्या किंवा काढलेल्या चरबीत शोधल्याच गेल्या नाहीत. अशा शून्यावर मी तरी फार विसंबणार नाही. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हाच: ग्रंथी किती मिळाल्या आणि कमी असतील तर का?

धोका कमी होतो तो मुख्यतः कधी?

लोकांना वाटतं, आजार उलटू नये म्हणून करायचं ते सगळं ऑपरेशननंतर सुरू होतं: पथ्य, काढे, व्यायाम, तपासण्या. खरं म्हणजे सगळ्यात मोठी संधी ऑपरेशनच्या आधी, ऑपरेशनच्या टेबलावर आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत असते.

पहिली गोष्ट, घाई न करणं. गाठ खोल असेल तर अनेक केंद्रांत मोठ्या ऑपरेशनच्या आधी एक छोटी तपासणी करतात. बेंबीजवळ बारीक छेद घेऊन कॅमेरा आत घालतात आणि उदरावरणावर दाणे आहेत का ते प्रत्यक्ष बघतात. मग पोकळीत थोडं सलाईन सोडून, हलवून, परत ओढून घेतात आणि ते पाणी पेशी-तपासणीला पाठवतात. दिसायला पाणी स्वच्छ असतं. त्यात कॅन्सरच्या पेशी तरंगताना सापडल्या तर आजार चौथ्या टप्प्याचा धरला जातो, डोळ्यांना एकही दाणा दिसला नसला तरी. मग थेट जठर काढण्यात हशील नसतं, आधी औषधं. ‘गाठ आहे तर काढून टाका ना लवकर’ हा घरच्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण बिलरोथच्या रुग्णाची गोष्ट टाळायची असेल तर ही एक तपासणी मोलाची.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑपरेशन कसं होतं. जठराला चिकटलेल्या ग्रंथींबरोबर त्याला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्यांच्या कडेच्या ग्रंथीही काढायच्या, याला ‘डी-२’ म्हणतात. हे जपानी सर्जन आधीपासून करत होते. युरोपात शंका होती. नेदरलँड्समध्ये दोन पद्धतींची तुलना झाली आणि सुरुवातीला डी-२ उलटी पडली, कारण त्यात जास्त रुग्ण ऑपरेशननंतरच दगावले. पण त्यांनी रुग्णांचा पिच्छा सोडला नाही. पंधरा वर्षांचे निकाल २०१० साली आले. त्याच जागी आजार उलटण्याचं प्रमाण कमी ग्रंथी काढलेल्यांत २२ टक्के आणि डी-२ झालेल्यांत १२ टक्के होतं. जठराच्या कॅन्सरनं झालेले मृत्यू ४८ विरुद्ध ३७ टक्के. आता प्लीहा आणि स्वादुपिंड शक्यतो जागेवर ठेवून हे ऑपरेशन करतात, त्यामुळे ते पूर्वीपेक्षा सुरक्षित झालं आहे. अर्थात, ज्याचा हात यात बसला आहे त्यानंच ते करावं. जिथे अशी ऑपरेशन्स नेहमी होतात तिथे जाणं हा धोका कमी करण्याचा सगळ्यात ठोस मार्गांपैकी एक आहे, आणि तो रुग्णाच्या हातात आहे.

तिसरी गोष्ट केमो. दिसत नाही ते मारायला दिसण्याची गरज नसलेलं हत्यार लागतं. औषध रक्तातून सगळीकडे फिरतं, म्हणून दडलेल्या पुंजक्यांपर्यंत पोचतं. २००६ साली ब्रिटनमधून आलेल्या एका मोठ्या चाचणीत नुसत्या ऑपरेशननंतर पाच वर्षं जगलेले २३ टक्के होते. आधी-नंतर केमो दिलेल्यांत ३६ टक्के. पुढे जर्मनीत चार औषधांचं ‘फ्लॉट’ नावाचं मिश्रण आलं. आधी चार आणि नंतर चार डोस, दर दोन आठवड्यांनी. २०१९ च्या निकालांत जुन्या केमोवर मध्यम आयुर्मान ३५ महिने होतं, ते फ्लॉटवर ५० महिने झालं. जपानमध्ये वेगळी वाट धरली: आधी चांगलं डी-२ ऑपरेशन, मग वर्षभर तोंडानं घ्यायची एस-१ नावाची गोळी. तिथे पाच वर्षं जगणारे ६१ वरून ७२ टक्क्यांवर गेले. या आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नका, रुग्ण वेगळे होते. सगळ्यांतून एकच गोष्ट घ्यायची: थोडाही खोल गेलेला कॅन्सर असेल तर ऑपरेशन एकटं पुरत नाही.

२०२५ साली यात इम्युनोथेरपीची भर पडली. फ्लॉटबरोबर दुर्वालुमॅब हे औषध दिलं तेव्हा दोन वर्षांनी आजार न वाढता, न उलटता असलेले ६७ टक्के होते, फक्त फ्लॉटवर ५९. हे औषध शरीराच्या पहारेकऱ्यांच्या डोळ्यांवरची पट्टी काढतं, एवढंच इथे सांगतो. काही गाठींमध्ये ‘एमएसआय-हाय’ नावाची खूण असते. अशा कॅन्सरचा उलटण्याचा कल मुळात कमी असतो, नेहमीच्या केमोचा फायदा त्यांना फारसा होत नाही, पण इम्युनोथेरपी मानवते. म्हणून ही तपासणी सुरुवातीच्या बायोप्सीवरच करून घ्यायला सांगावं.

रेडिएशनबद्दल थोडक्यात: ग्रंथी नीट काढल्या गेल्या असतील आणि कडा स्वच्छ असतील तर त्याची फारशी भर पडत नाही, तसं नसेल तर विचार करतात.

एक फसलेली कल्पनाही सांगण्यासारखी आहे. पेशी पोकळीत गळतात, तर ऑपरेशन संपताना पोट दहा लिटर सलाईननं धुऊन काढलं तर? ऐकायला अगदी बिनतोड. ८०० रुग्णांवर ते करून पाहिलं. २०२१ साली निकाल आला: काहीही फायदा नाही, उलट त्रास थोडा जास्त. ‘पोटात गरम केमो’ ही पुष्कळांनी ऐकलेली पद्धतही आजार उलटू नये म्हणून सरसकट देण्याइतकी सिद्ध झालेली नाही. पटणारी कल्पना आणि चालणारा उपाय यांत किती अंतर असू शकतं, ते यावरून दिसतं.

नंतरचे डोस आणि वजनकाटा

फ्लॉटच्या चाचणीतली एक गोष्ट बातम्यांत येत नाही. आठही डोस पूर्ण करू शकले ते निम्म्याहून कमी रुग्ण. ऑपरेशनच्या आधीचे चार बहुतेकांना झेपले, नंतरच्या चारांत गाडी अडली. कारण उघड आहे. जठर अर्धं किंवा पूर्ण गेलेलं, चार घास खाल्ले की पोट भरतं, वजन दर आठवड्याला उतरतं, अशा माणसाला केमो सोसत नाही. डोस पुढे ढकलले जातात, कमी केले जातात, थांबतात.

म्हणून ऑपरेशननंतरचं खाणं हा माझ्या मते उपचाराचाच भाग आहे, आणि तो घरात होतो. दिवसाची तीन मोठी जेवणं सोडून सहा-सात छोटी करायची. घास बारीक चावायचा. पाणी जेवणाबरोबर न पिता अर्धा-पाऊण तास आधी किंवा नंतर. प्रत्येक वेळी ताटात प्रथिनं हवीतच. फार गोड एकदम खाल्लं तर ते सरळ आतड्यात ओतलं जातं आणि धडधड, घाम, गरगरणं, जुलाब असा प्रकार होतो. डॉक्टर त्याला ‘डम्पिंग’ म्हणतात. तो कॅन्सर नाही, घाबरू नका, गोड कमी करा. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन घ्या आणि वहीत लिहा. तोंडानं भागत नसेल तर आतड्यात बसवलेल्या नळीतून पोषण द्यावं लागतं. ते हार मानल्याचं लक्षण समजू नका.

आणि इथेच मला त्या मेसेजेसचा राग येतो. ‘साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल.’ ‘दूध बंद, धान्य बंद, फक्त रस प्या.’ शरीराला साखर मिळाली नाही तर ते स्वतःचे स्नायू जाळून ती तयार करतं, आणि कॅन्सरच्या पेशीला तीही चालते. उपाशी मरतो तो माणूस. आधीच पंधरा किलो उतरलेल्या माणसाचं आणखी काही बंद करण्याआधी आहारतज्ज्ञांना विचारा. काढे आणि चूर्णं केमोच्या दिवसांत घ्यायची तर डॉक्टरांना पुडी दाखवूनच, कारण औषधाशी त्यांचं काय होईल आणि यकृताला काय झेपेल हे घरी बसून कळत नाही.

तंबाखू आणि धूम्रपान मात्र आजच्या आज बंद. जखम भरण्यापासून फुप्फुसांपर्यंत सगळीकडे ते आडवं येतं, आणि नवा कॅन्सर होण्याचाही तो एक रस्ता आहे. दारूचंही तेच. खूप खारवलेलं, धुरावलेलं आणि प्रक्रिया केलेलं मांस जठराला मानवत नाही, हे ठाऊक आहे, ते टाळावं. पण एखाद्या दिवशी खारं खाल्लं म्हणून आजार उलटला, असा हिशोब कुणी रुग्णापुढे मांडू नये. तसं होत नाही.

उरलेलं जठर आणि एक जिवाणू

आता दुसरा प्रकार, नव्यानं होणारा कॅन्सर. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षं घर करून राहतो. १९८४ साली बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं तो स्वतः पिऊन दाखवला आणि जठराला सूज आणवून घेतली. वेडाच म्हणायचं, पण २००५ साली त्याला रॉबिन वॉरनबरोबर नोबेल मिळालं. या जिवाणूची सूज एका ठिपक्यापुरती नसते, सगळं अस्तर हळूहळू झिजतं आणि बदलतं. त्यातला एक डाग आज कॅन्सर झाला, तुम्ही तो काढलात, तरी शेजारचं अस्तर त्याच वाटेवर असतं.

कोरियात, सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर दुर्बिणीतून काढलेल्या रुग्णांवर याची परीक्षा झाली. अर्ध्यांना जिवाणू मारणारी औषधं, अर्ध्यांना रिकाम्या गोळ्या. सुमारे सहा वर्षांत नवा कॅन्सर झाला तो औषध घेतलेल्या ७ टक्क्यांना, न घेतलेल्या १३ टक्क्यांना. त्या चाचणीत आठवडाभराच्या गोळ्यांनी धोका जवळजवळ निम्म्यावर. इतक्या स्वस्तात इतकं मिळण्याची संधी कॅन्सरमध्ये फार नसते, आणि तरीही ही तपासणी राहून जाते. गोळ्या संपल्या की जिवाणू गेला असं गृहीत धरू नका. निदान चार आठवडे थांबून, आम्लपित्ताच्या गोळ्या त्याआधी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचाची तपासणी करतात. त्यात ‘निगेटिव्ह’ आलं तर गेला. पूर्ण जठर काढलं असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

नजर कधीपर्यंत ठेवायची?

उलटायचं असेल तर जास्त करून पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतं. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात, पाचव्या वर्षापर्यंत सहा ते बारा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. प्रत्येक भेटीत स्कॅन हवाच असं नाही. जास्त वेळा स्कॅन केल्यानं आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. सीईए आणि सीए १९-९ या रक्ततपासण्यांचे आकडे वर-खाली होतात. एका वाढलेल्या आकड्यावर झोप उडवून घेण्यापेक्षा दोन-तीन आकड्यांची दिशा बघतात. रक्तात फिरणारे कॅन्सरच्या डीएनएचे तुकडे पकडून, स्कॅनच्या आधी आजार ओळखायची तपासणी तयार होत आहे. ती आशादायक आहे, पण तिच्या निकालावरून उपचार बदलावेत इतकी अजून रुळलेली नाही.

दोन भेटींच्या मध्ये काही गोष्टी दिसल्या तर पुढच्या तारखेची वाट बघू नये: स्थिर झालेलं वजन कारण नसताना पुन्हा उतरायला लागणं, कमरेचा घेर वाढणं पण हात-पाय बारीक होणं, गिळताना अडकणं, वारंवार उलटी, डोळे पिवळे होणं, काळी शी, रात्री जागवणारी पाठदुखी, मानेत किंवा बेंबीत टणक गाठ. यांतल्या पुष्कळांना साधी कारणंही असतात. जोडाच्या जागी नुसता व्रण आकसून अन्न अडकू शकतं आणि फुग्यानं ते मोकळं करता येतं. म्हणून अंदाज घरी बांधू नये, दाखवावं.

आणि उलटलाच तर? तो पूर्ण जाणं अवघड असतं, ते लपवण्यात अर्थ नाही. उरलेल्या जठरापुरताच असेल तर कधी कधी पुन्हा ऑपरेशन होतं. पण उपाय संपलेले नसतात. नव्या गाठीचा तुकडा घेऊन पुन्हा तपासायला सांगा, कारण खुणा बदलू शकतात. ‘हर-२’ असेल तर ट्रास्टुझुमॅब, ‘क्लॉडिन’ असेल तर झोल्बेटुक्सिमॅब, ‘पीडी-एल१’ जास्त असेल किंवा एमएसआय-हाय असेल तर इम्युनोथेरपी. वेदना, मळमळ, झोप यांचा बंदोबस्त करणारे पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर याच वेळी सोबत घ्यावेत, अगदी शेवटी नव्हे.

भावंडांनी आणि मुलांनी हेलिकोबॅक्टरची तपासणी करून घेतलेली बरी. घरात दोघांना जठराचा कॅन्सर झाला असेल आणि त्यातला एक तरी डिफ्यूज जातीचा असेल, किंवा कुणाला डिफ्यूज जातीचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला असेल, तर सीडीएच-१ या जनुकाबद्दल विचारावं.

पाच वर्षं नीट गेली की स्कॅन विरळ होतात, फाईल कपाटात जाते. पूर्ण जठर काढलेल्यांना मात्र एक गोष्ट जन्मभर सांभाळावी लागते, ती म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व शोषायला लागणारा पदार्थ जठरच बनवतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे सुरुवातीला काही जाणवत नाही, आणि सगळे निर्धास्त झाल्यावर एक दिवस तळपायांना मुंग्या येऊ लागतात, चालताना तोल जातो, चेहरा पांढुरका दिसतो. घरातले पुन्हा धास्तावतात, जुनी फाईल बाहेर निघते. अशा वेळी रक्तातलं बी-१२ आधी तपासा. बहुधा बी-१२च्या इंजेक्शनची तारीख चुकलेली असते.